खंड्या पायाशीच का बसतो?

तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीबरोबर रायगडावर गेले असतील. हा गड आमच्या महाड तालुक्यातला. गडावर शिवछत्रपतींची समाधी आहे आणि समाधीजवळच एका उंच चौथऱ्यावर कुत्र्याचा पुतळा आहे. त्याला सारे ‘वाघ्या’ म्हणतात. धन्याचा विरह सहन न होऊन या कुत्र्याने चितेत उडी घेतली, अशी कथा सांगितली जाते. या कथेला शिवकालातील कागदपत्रांचा आधार मिळत नाही, असे इतिहासाचे अनेक अभ्यासक म्हणतात. पुतळाही विसाव्या शतकातला आहे. तो वाद आपण इतिहासकारांकडे सोपवू. पण कथा ऐकताना एक गोष्ट ऐकणाऱ्याला लगेच पटते. कुत्र्याला आपल्या माणसाच्या अगदी जवळ असावेसे वाटते, ही ती गोष्ट.

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर तुम्हाला याचा रोजचा अनुभव असेल. सगळे अंगण मोकळे असले, तरी तो येऊन तुमच्या पायालाच पाठ लावून बसतो. तुम्ही अभ्यासाला बसलात, की हनुवटी तुमच्या मांडीवर टेकतो. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलात, की तोही उठतो. असे का बरे होत असेल? मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्राण्यांचे वागणे हा काही माझा विषय नव्हे. पण माझ्या घरच्या कुत्र्याने मला या प्रश्नाच्या मागे लागायला भाग पाडले. ते कसे, ते आधी सांगतो.

खंड्याची गोष्ट

आमच्या कुत्र्याचे नाव खंड्या. रंग तांबूस, कान उभे, आणि जात विचाराल तर गावठी. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा जो आंबेनळी घाट आहे, त्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत माझी आत्या राहते. तिच्या कुत्रीला पिल्ले झाली, तेव्हा त्यांतले एक मी मागितले. मी लगेच उचलून आणणार होतो. पण आत्याने अडवले. ती म्हणाली, “अरे, दोन महिन्यांचं होऊ दे. आईजवळ, भावंडांत जरा वाढू दे. आधी नेलंस तर रात्रभर रडेल आणि तुलाही झोपू देणार नाही.” मी तिचे ऐकले. या सल्ल्यात किती विज्ञान आहे, ते मला पुष्कळ नंतर कळले.

२०२१ सालच्या जुलैपर्यंत खंड्या चार कुत्र्यांसारखाच होता. २१ ते २३ जुलै या दिवसांत महाबळेश्वरच्या डोंगरावर अतोनात पाऊस कोसळला. एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून आमच्या महाडला येते. तो सारा लोंढा आमच्या गावात शिरला. त्याच संकटात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींखाली माणसे सापडली. त्या दुःखापुढे एका कुत्र्याची गोष्ट फारच लहान आहे, हे मला ठाऊक आहे.

आमचे घर सखल भागात. पाणी उंबऱ्याला लागले, तसे आम्ही म्हाताऱ्या आईला धरून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. निघताना मी खंड्याच्या गळ्यातली साखळी सोडली आणि तो मागून येईल असे समजलो. तो आला नाही. अंधार, वीज गेलेली, आणि खाली छातीइतके पाणी. पाणी ओसरल्यावर तो सापडला. जवळच्या एका अर्धवट बांधलेल्या घराच्या जिन्यावर तो चिखलाने माखून, थरथरत बसला होता.

त्या दिवसापासून खंड्या बदलला. तो माझ्या पायाला चिकटूनच राहू लागला. मी न्हाणीघरात गेलो, तर दाराशी बसे. पाऊस वाजू लागला, की माझ्या दोन्ही पायांच्या मधे घुसे. महिनाभर मी हे सहन केले. मग वाटले, कुत्रा लाडाने लोचट झाला आहे. त्याची ही खोड मोडली पाहिजे. म्हणून मी त्याला परसात साखळीने बांधले. तो रात्र रात्र रडला. ओढून ओढून त्याच्या मानेला जखम झाली.

शेजारची आठवीतली एक मुलगी माझ्याकडे विज्ञानाच्या शंका विचारायला येते. तिने ती जखम पाहिली आणि मला म्हणाली, “काका, तुम्हीच आम्हाला सांगता ना, की प्रयोग केल्याशिवाय कारण ठरवू नका? मग खंड्या लोचट झालाय, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी साखळी सोडली आणि प्रश्न हातात घेतला. चला, आता तो आपण दोघे मिळून सोडवू.

पहिला तर्क : ऊब

पदार्थविज्ञानाच्या माणसाला पहिल्यांदा आठवते ती उष्णता. कुत्रा उबेसाठी जवळ येत असेल काय?

कुत्र्याच्या पिल्लापासून सुरुवात करू. जन्मतः पिल्लाचे डोळे आणि कान मिटलेले असतात. स्वतःचे तापमान राखण्याची शक्ती त्याच्या अंगी अजून आलेली नसते. पहिल्या दिवसांत त्याला थंडीने कुडकुडतासुद्धा येत नाही. आपल्याकडे पुष्कळ कुत्र्या पावसाळ्यानंतर, थंडीच्या सुमाराला वितात. आत्याच्या वाडीत मी पाहिले आहे, की पिल्ले भाताच्या पेंढ्याच्या उडवीत एकावर एक रचल्यासारखी झोपतात. एखादे पिल्लू बाजूला पडले, की ते डोके इकडेतिकडे हलवत कुईकुई करू लागते. पुन्हा ढिगात शिरले, की गप्प होते.

या ढिगाचा फायदा किती? गणित करून पाहू. एक पिल्लू म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा एक घन आहे, असे समजा. (पिल्लू चौकोनी नसते, हे मला मान्य आहे!) घनाला सहा पृष्ठे असतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणून एकूण ६०० चौरस सेंटिमीटर. अशी आठ पिल्ले दूर दूर असतील, तर एकूण ४८०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाईल. आता ती आठही एकत्र आणून २० सेंटिमीटर बाजूचा एक मोठा घन रचा. त्याचे पृष्ठफळ किती? प्रत्येक बाजूचे ४०० आणि सहा बाजूंचे २४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे बरोबर निम्मे! पिल्ले तीच, त्यांच्या अंगातली उष्णता तीच. पण ती बाहेर जाण्याच्या वाटा निम्म्या झाल्या. आठ दुबळ्या पिल्लांचा मिळून जणू एक मोठा प्राणी झाला.

हे तुम्ही घरी ताडून पाहू शकता. सारख्या आकाराचे पाच पेले घ्या. पाचांतही सारखेच गरम पाणी ओता. (हे काम घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने करा.) चार पेले एकमेकांना चिकटवून ठेवा, पाचवा एकटा ठेवा, आणि सगळ्यांवर बशा झाका. अर्ध्या तासाने तापमापकाने पाचही पेल्यांतील तापमान मोजून वहीत लिहा. कोणता पेला अधिक निवाला असेल, ते मी सांगत नाही, तुम्हीच पाहा.

आता मोठ्या कुत्र्याकडे वळू. येथे एक गंमत आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपले ३७ अंश, आणि आपली कातडी तर त्याहूनही थंड, सुमारे ३३ अंश. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. मग कुत्र्याला तुमच्यापासून ऊब मिळेल कशी? खरे पाहता उष्णता त्याच्याकडूनच तुमच्याकडे यायला हवी!

याचे उत्तर असे. थंडीच्या रात्री फरशीचे तापमान १८ अंश आहे, असे समजा. फरशी आणि कुत्रा यांच्या तापमानांत २० अंशांचा फरक पडतो. तुमचा पाय आणि कुत्रा यांच्यांत मात्र फरक फक्त ५ अंशांचा. उष्णता वाहण्याचा वेग ढोबळमानाने तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. मधल्या केसांच्या थराचा हिशेब बाजूला ठेवला, तर तुमच्याकडे टेकलेल्या भागातून कुत्र्याची उष्णता एक चतुर्थांश वेगानेच जाते. म्हणजे तुम्ही कुत्र्याला ऊब देत नाही. तुम्ही त्याची ऊब राखता. गोधडीही तेच काम करते. गोधडी काही स्वतः गरम नसते.

कुत्र्याला ही ऊब दुरूनही कळते, असे दिसते. त्याच्या नाकाचा शेंडा सहसा ओला आणि थंड असतो, हे तुम्ही हात लावून पाहिले असेल. स्वीडनमधील लुंड आणि हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी २०२० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी तीन कुत्र्यांना शिकवून तयार केले. त्यांच्यापुढे १.६ मीटर अंतरावर दोन सारख्या वस्तू ठेवल्या. दिसायला आणि वासाला दोन्ही एकच. फक्त एक वस्तू खोलीच्या हवेपेक्षा ११ ते १३ अंशांनी गरम होती. तिन्ही कुत्र्यांनी गरम वस्तू ओळखून काढली. उष्णतेचे जे प्रारण आपल्याला एवढ्या अंतरावरून जाणवतही नाही, ते त्या थंड नाकाला जाणवते!

तर्क अपुरा पडला

येथेच थांबायला मला आवडले असते. माझ्या विषयातले उत्तर मिळाले होते. पण चांगल्या तर्काची परीक्षा तो अडचणीत येईल अशा ठिकाणी करायची असते. कुत्रा केवळ उबेसाठी चिकटत असेल, तर उन्हाळ्यात त्याने दूर राहायला हवे.

मे महिन्यात महाडचा उकाडा कसा असतो, ते येथील लोकांना विचारा. पारा चाळिशीकडे जातो, आणि हवा दमट. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही; तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग निववतो. अशा दुपारी खंड्या काय करतो, ते मी बारकाईने पाहू लागलो. तो मोरीजवळची ओली फरशी गाठतो आणि पोट टेकून पसरतो. येथपर्यंत उष्णतेचा तर्क बरोबर. पण मी जवळ खुर्ची घेऊन वाचत बसलो, की थोड्या वेळाने तो सरकत येतो आणि एक पंजा माझ्या पावलावर ठेवून झोपतो. पोट थंड फरशीवर, आणि पंजा माझ्या पायावर! म्हणजे ऊब नको असतानाही त्याला स्पर्श हवा होता.

दुसरा तर्क : खाणे

तुम्ही म्हणाल, “सर, सोपे आहे. खायला मिळते म्हणून तो जवळ येतो.” मलाही तसेच वाटले होते. पण आमच्या घरी खंड्याला भाकरी घालते ती माझी आई. जेवणाच्या वेळी तो तिच्याभोवती घुटमळतो, आणि पोट भरले, की माझ्या पायाशी येऊन बसतो.

एका घरातल्या एका कुत्र्यावरून नियम काढणे बरे नाही. म्हणून मोठ्या प्रयोगाकडे पाहू. हा प्रयोग आपल्याच देशातला आहे. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी मोकाट कुत्र्यांचे गट केले. अनोळखी माणूस काही दिवस एका गटाला अधिक खाऊ देई, तर दुसऱ्या गटातील कुत्र्यांच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवी. या कुत्र्यांचा त्या माणसावर विश्वास किती बसतो, ते पाहायचे होते. खाऊ मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा हात फिरवलेली कुत्री त्याच्याजवळ अधिक सहजपणे येऊ लागली! हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज पोटासाठी वणवण करावी लागते, अशा कुत्र्यांची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या.

स्पर्शाची ही भूक इतर प्राण्यांतही आढळते. अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आईपासून दूर केलेल्या पिल्लांना त्यांनी दोन खोट्या ‘आया’ दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले, तरी पिल्ले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. त्या पिल्लांचे हाल झाले, हेही खरे. त्यामुळे अशा प्रयोगांवर पुढे कडक टीका झाली. पण जवळीक केवळ पोटातून येत नाही, हे त्यांतून स्पष्ट झाले.

तिसरा तर्क : आधार

मग उरते काय? येथे लहान मुलांच्या मानसशास्त्राने मदत केली. अंगणात खेळणारे दोन वर्षांचे मूल पाहा. आई ओसरीवर बसली असली, की ते बिनधास्त लांब जाते, दगड उचलते, मुंग्या पाहते. मध्येच एकदा मागे वळून आईकडे बघते. कोणी अनोळखी माणूस आला, की धावत येऊन तिच्या पदराला बिलगते. थोड्या वेळाने धीर आला, की पुन्हा खेळायला जाते.

कुत्र्याचेही असेच असेल काय? बुडापेस्टच्या विद्यापीठातील योझेफ तोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली ५१ कुत्री आणि त्यांचे मालक यांच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांसाठी वापरतात तीच पद्धत त्यांनी घेतली. एका अनोळखी खोलीत कुत्रा आणि मालक जातात. मग एक परका माणूस येतो. मालक बाहेर जातो, परत येतो. कधी कुत्रा एकटा राहतो. मालक खोलीत असताना कुत्री अधिक खेळली, अधिक हुंगत फिरली. तो गेल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहू लागली. तो परतल्यावर त्याच्याकडे परक्यापेक्षा अधिक ओढीने धावली आणि त्याला अंग लावू लागली.

यातून काय दिसते? कुत्र्याच्या दृष्टीने त्याचा माणूस म्हणजे गडाचा बालेकिल्ला. धोका नसेल, तेव्हा माचीवर, तटावर खुशाल हिंडायचे. धोका दिसला, की बालेकिल्ल्यात यायचे. आणि आत येण्याची वाट मोकळी आहे याची खात्री असेल, तरच लांब हिंडण्याचा धीर होतो.

आता महापुरानंतरचा खंड्या आठवा. तो लाडावला नव्हता. त्याचा बालेकिल्ला एकदा अंधारात नाहीसा झाला होता. तो पुन्हा नाहीसा होईल, याची त्याला भीती होती. आणि मी काय केले? ज्याला आधार हवा होता, त्याला आधारापासून दूर साखळीने बांधले. थंडीने कुडकुडणाऱ्याची गोधडी काढून घ्यावी, तसे माझे हे औषध होते.

रक्तातील रसायन आणि हजारो वर्षांची सोबत

जवळीक झाली, की शरीरात काही बदल होतात आणि ते मोजता येतात. ‘ऑक्सिटोसिन’ नावाचे एक संप्रेरक आहे. प्रसूतीच्या वेळी आणि बाळाला दूध पाजताना ते आईच्या शरीरात स्रवते. जपानमधील मिहो नागासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. मालक आणि कुत्रा अर्धा तास एकत्र राहिले. जी कुत्री मालकाच्या डोळ्यांत अधिक वेळ पाहत राहिली, त्यांच्या शरीरात हे संप्रेरक वाढले, आणि त्यांच्या मालकांच्या शरीरातही वाढले! माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांवरही हाच प्रयोग केला. त्यांनी माणसाकडे असे फारसे पाहिले नाही, आणि त्यांच्या बाबतीत ही वाढही दिसली नाही.

म्हणजे प्रेम म्हणजे एक रसायन, असे मात्र समजू नका. ताप आल्यावर तापमापकातील पारा चढतो. पण पारा म्हणजे ताप नव्हे. संप्रेरक ही जवळिकीची एक खूण आहे.

लांडगा आणि कुत्रा यांचे पूर्वज एकच. मग हा फरक कुठून आला? हजारो वर्षांपूर्वी माणसांच्या वस्तीजवळ राहू लागलेल्या लांडग्यांपैकी जे कमी भित्रे आणि कमी हिंस्र, ते टिकले. त्यांच्या पिढ्यांतून कुत्रा घडला, असे मानतात. ही सोबत किती जुनी आहे, याचा एक हृद्य पुरावा इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे मिळाला. तेथील सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या सांगाड्याशेजारी एक पिल्लू आहे, आणि माणसाचा हात त्या पिल्लावर ठेवलेला आहे. १९७८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. बारा हजार वर्षांपूर्वीही कोणाला तरी वाटले, की या दोघांना जवळ ठेवावे.

पण केवळ पूर्वजांकडून आलेले पुरत नाही. प्रत्येक पिल्लाला माणसाची ओळख नव्याने व्हावी लागते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून दाखवले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ यासाठी फार मोलाचा असतो. १९६१ सालच्या एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली. ती पुढे माणसापासून बिचकूनच राहिली. याच आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून किती जोराने चावावे, केव्हा थांबावे, हेही शिकते. म्हणून पिल्लू फार लवकर आईपासून तोडू नये. साधारण आठ आठवडे जाऊ द्यावेत. माझ्या आत्याने यांतील एकही ग्रंथ वाचलेला नाही. तरी तिने सांगितलेले दोन महिने आणि शास्त्रज्ञांचे आठ आठवडे किती जुळतात, पाहा!

तुम्ही काय कराल?

खंड्याची साखळी सोडल्यावर मी त्याच्यासाठी माझ्या टेबलाजवळ एक गोणपाट अंथरले. तो जवळ आला, तर त्याला हाकलले नाही. पाठीवरून सावकाश हात फिरवला. मग मी मुद्दाम एक मिनिट बाहेर जाऊन परत येऊ लागलो. पुढे पाच मिनिटे, मग पंधरा. गेलेला माणूस परत येतो, हे त्याला पुन्हा शिकवायचे होते. याला काही महिने लागले. आता तो दिवसभर अंगणात हिंडतो. फक्त कौलांवर पाऊस जोराने वाजू लागला, की आत येतो आणि माझ्या पायाला पाठ लावतो. मी त्याला तसे बसू देतो.

तुमचा कुत्रा एकाएकी नेहमीपेक्षा फार चिकटू लागला, किंवा उलट कोपऱ्यात दडून बसू लागला, तर त्याला रागावण्याआधी कारण शोधा. फटाक्यांची किंवा मेघगर्जनेची भीती असेल. एखादे दुखणेही असेल. अशा वेळी पशुवैद्यांना दाखवावे.

आणखी एक सूचना, आणि ही अगदी गंभीरपणे वाचा. कुत्र्यांना जवळीक आवडते, म्हणून कोणत्याही कुत्र्याला जाऊन मिठी मारू नका. जवळ यायचे की नाही, हे कुत्र्यालाच ठरवू द्या. तो तोंड फिरवत असेल, शेपूट पोटाखाली घेत असेल, अंग ताठ करत असेल किंवा गुरगुरत असेल, तर त्याला जवळीक नको आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीच्या वाटेस जाऊ नका. कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याने जखमेवर चाटले, तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लस घ्या. पिल्लू चावले तरीही हेच करा. मार बसेल म्हणून हे लपवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर घेतलेल्या लसीने तो टळतो. घरच्या कुत्र्यालाही दर वर्षी ही लस टोचून घ्यावी.

आता एक काम. तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या घरच्या कुत्र्याचे दोन आठवडे निरीक्षण करा. वहीत चार रकाने आखा : वेळ, हवेचे तापमान, घरात काय चालले होते, आणि कुत्रा कोणाच्या किती जवळ बसला. मग तुमचे तुम्हीच ताडून पाहा, की ऊब, खाणे आणि आधार यांपैकी कोणता तर्क कोणत्या वेळी लागू पडतो. कदाचित तुम्हाला चौथाही सापडेल.

माझ्या घरी आता दर जूनमध्ये भिंतीवर एक यादी लागते. पुराची सूचना आली, की वर काय न्यायचे, त्याची ही यादी. आईची औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी, महत्त्वाची कागदपत्रे. त्या शेजारच्या मुलीने तिच्या अक्षरात सर्वांत वर आणखी एक नोंद केली आहे : “खंड्या. साखळी सोडून भागणार नाही. उचलून न्यायचा.”